विभूतीवरची तांबडी रेघ

मित्रांनो, मी भालकीजवळच्या एका साखर कारखान्यातली जुनी पोलादी नळी आहे. आता भिंतीवर टांगलेली असते. माझ्याकडे कुणी बघू नये, असं मला वाटतं.

भट्टीतून निघाले तीच कडक म्हणून. ऊस पिळणाऱ्या रोलरांना दाब देणारं तेल मी वर्षानुवर्षं वाहिलं. फिटर गुरुपादय्या माझ्यावर थाप मारून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगायचा आणि मी फुगून जायचे.

मग कारखान्यात हायड्रोजन वायू बनवणारं छोटं यंत्र आलं. त्याच्या नळ्या यायला उशीर झाला, तेव्हा गुरुपादय्याने मलाच पुढे केलं. इंजिनिअर श्रीदेवी कां-कूं करत होती.

"अक्का, ही माझ्या हातची नळी हाय. तेलाच्या दाबाला फुटली न्हाई, गॅसला फुटंल व्हय?"

तिने न तपासताच मान डोलावली. कमी दाबावर काही महिने काम चाललं. पण हायड्रोजन तेलासारखा नुसता वाहत नव्हता, माझ्या अंगात मुरत होता. मी ठिसूळ झाले, बारीक चीर बाहेरपर्यंत आली. बोलता आलं असतं तरी एवढ्या कौतुकानंतर माझी जीभ रेटली नसती.

खंडेनवमीला यंत्र बंद ठेवून पूजा मांडली. पूजेनंतर गुरुपादय्याच्या बायकोने, लिंगम्माने, माझ्या शेजारी उभं राहून पूर्ण दाबाचं बटण दाबायचं होतं. पाण्याने गंज चढतो म्हणून गुरुपादय्या कुंकू तेलात कालवतो. माझ्यावर लावलेलं ते ओघळलं, तसं त्याने पुसलं आणि वर विभूतीचे पट्टे ओढले. आरती संपेपर्यंत पांढऱ्या विभूतीतून तांबडी रेघ वर आली. पुसून पुन्हा विभूती लावली, तरी पुन्हा आली.

"कामून असं व्हायलंय?" गुरुपादय्याने विचारलं.

श्रीदेवीने लिंगम्माचा हात धरून तिला मागे ओढलं. "चीर पडलीय अप्पा. कुंकवाचं तेल चिरेत मुरलंय, कोरडी विभूती ते वर ओढतीय. हायड्रोजन पोलादात शिरतंय. जितकं कडक पोलाद, तितकं लवकर तडकतंय. मी बी तपासलं न्हाई."

गुरुपादय्याने हातातली विभूती खाली ठेवली. "बटण लिंगम्मा दाबणार होती," एवढंच तो म्हणाला. माझ्यामुळे त्याची मान चारचौघांत खाली गेली. ती लाज मला अजून जाळते.

मित्रांनो, आमच्यावर भरवसा जरूर ठेवा, पण नवं काम देताना ते आम्हाला सोसेल का, हे आधी तपासा.

माझ्या जागी आता मऊ पोलादाची नळी आहे. खंडेनवमीला गुरुपादय्या तिला कुंकू-विभूती लावतो आणि चष्मा घालून बराच वेळ बघत बसतो. मग माझ्याकडे येऊन मलाही लावतो. माझ्यावर रेघ उमटतेच. तो पूर्वीसारखी थाप मारत नाही, त्या रेघेवर नुसता हात ठेवतो.