बरणी बसेपर्यंत

'हात लावू नकोस. तिची ती बसू दे.'

मामंजींचा आवाज, तिच्या मनातला – आणि समोर टाकीजवळच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर ती उभट काचेची बरणी, आत सांडपाण्याच्या टाकीतून नुकतंच काढलेलं पाणी, अजून सगळंच तपकिरी, गढूळ, भोवंडलेलं... अर्धा तास तिला शिवायचं नाही, दारसुद्धा आपटायचं नाही. गाळ तळाशी बसतो, वर पाणी निवळतं, आणि किती निवळलं यावरून टाकीतल्या जिवांची तब्येत कळते – हो, जीवच ते. डोळ्यांना दिसत नाहीत, पण या समुद्रकाठच्या गावाचं, त्याच्या हॉटेलांचं सगळं सांडपाणी बिनबोभाट खातात. बरणी बसल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा मामंजींच्या या सुनेचा नेम. हात मांडीवर, ओठांत नाम. जाऊबाई म्हणायच्या, आता त्या बरणीला फुलं वाहायची तेवढी राहिलीत.

त्याच जाऊबाई... आठवलं की तिला हसू यायचंच. गावातल्या अतिथिगृहातली धुलाई त्यांच्याकडे. हिवाळ्यात तिथली गटारं तुंबून वास मारायला लागली तेव्हा त्यांनी ब्लीचचे कॅनच्या कॅन मोरीत रिकामे केले. इकडे टाकीवर पांढरा फेस, जीव सगळे गारद. तिने जाब विचारला, तर रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अगं, तुलाच वास येऊ नये म्हणून ओतलं." शेवटी तिने शेजारच्या गावच्या टाकीतून टँकरभर गाळ आणला, विरजण लावावं तसा लावला, आणि वाट बघत बसली.

वाट बघणं मामंजींनीच शिकवलं. इथली जुनी टाकी आयुष्यभर त्यांनी चालवली, पण समुद्रात कधी पाऊल घातलं नाही. ती टाकी अपुरी, पाणी अर्धंमुर्धंच शुद्ध होऊन समुद्रात जायचं. लोक डुंबायचे आणि हे काठावर चपला घालून उभे. मी काय सोडतो ते मला ठाऊक आहे, म्हणायचे. नवी टाकी झाली, काम सुनेकडे आलं, आणि तिने शब्द दिला – बरणी निवळली की मी तुम्हाला पाण्यात नेईन. मग ब्लीचचं ते प्रकरण, आणि त्यातच मामंजींचं दुखणं. आता ते काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, गुडघाभर पाण्यात न्यायला हरकत नाही, पण फार दिवस लांबवू नका. किनाऱ्यावरची, पाण्यात उतरायला मनाईची पाटी परवाच निघाली, तपासणीत पाणी चांगलं आलं म्हणून. मामंजींना त्याचं काही नाही. "पाटी राहू दे. बरणी काय म्हणते?"

रोज सकाळी हाच प्रश्न, आणि रोज तिचं उत्तर – वर अजून धुरकट आहे, मामंजी. "मग थांबू," ते म्हणायचे, आणि निमूटपणे औषध घ्यायचे, दोन घास जास्त खायचे, काठी टेकत अंगणाला एक फेरी मारायचे.

गाळ आता खाली सरकत होता, ढग उतरावेत तसा, सावकाश. वास ओल्या मातीचा... चांगला वास. आणि वरच्या काचेतून तिला अचानक खिडकीचे गज दिसले, त्यांच्यामागे समुद्राची पट्टी, थोडी वाकलेली, पण निळी. धूर नव्हता. कुठेच नव्हता.

आनंद झाला – आणि त्या आनंदातच काहीतरी बारीक टोचलं. रोज मी निवळू दे म्हणून मागत होते ना... मग धुरकट दिसली की मला बरं का वाटायचं? कारण ते म्हणायचे, थांबू. ते थांबायचे. बरणी धुरकट होती तोवर मामंजींना कुठे जायचंच नव्हतं.

तिने बरणीला हात लावला नाही. नाम थांबलं होतं, ते पुन्हा आपसूक सुरू झालं. आज त्यात मागणं नव्हतं.

थर्मासमधला चहा तिने तसाच राहू दिला. मामंजींबरोबर घेऊ, समुद्रावरून परत आल्यावर. खुंटीवरचा धुतलेला पंचा काढून खांद्यावर टाकला, दार न आपटता ओढून घेतलं, आणि ती घराच्या वाटेला लागली.