तहरीमचं इमामजामीन

अकोटच्या कुर्बान गादीवाल्याची गाठ म्हणजे काय सांगावं! गादी फाटेल, कापूस गोळा होईल, पण त्याच्या टाक्याची गाठ काही सुटायची नाही. त्या साली कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. गावोगावची लग्नं पुढं गेली, मग नव्या गाद्या कोण भरवणार? कुर्बान रिकामा बसे, आणि रिकाम्या माणसाला रुसायला वेळ भरपूर.

रुसवा लेकीवर होता. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. झालेली तहरीम आता पीएच.डी.साठी हैदराबादला निघाली होती. तोंडावर नको म्हणायची त्याची छाती नव्हती. पण त्यांच्या घरातलं माणूस लांब निघालं, की बापानं हिरव्या फडक्यात रुपया गुंडाळून त्याच्या दंडाला इमामजामीन बांधायचं. त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून एस.टी.ची वेळ होत आली तरी बांधायचं टाळत कुर्बान आपला सुई शोधत होता. सुई टोपीतच खोचलेली होती.

"अब्बा, बांधता ना?"

"आधी सांग, तिथं करशीन काय?"

हलीमाबीनं, त्याच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. तहरीम मात्र पेटीवर ऐसपैस बसली.

"कपाशीच्या पेशीत मधात एक खोली असते, केंद्रक. तिथं एक प्रथिन बसून रायते. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हुकूम सोडत. थेट तुमच्यासारखं."

"मंग?"

"बाहेरून निरोप येते, हातोहात आत पोचते. मंग त्या प्रथिनाले फॉस्फेट बांधल्या जाते. ते बांधलं, की एक सोबती त्याले धरून दाराबाहेर नेते. आतले हुकूम बंद. हा निरोप कोण धाडते, कवा धाडते, तेच मले पाहाचं हाय."

"म्हंजे तिथंबी इमामजामीन लागते." कुर्बान जरा विचारात पडला. "अन् बाहेर गेलेलं बाहेरच रायते?"

"नाई. फॉस्फेट सुटलं, की परत आत येते."

"सुटलं, की?"

"सुटलं, की."

कुर्बान उठला. त्यानं रुपया गुंडाळला, लेकीच्या दंडाला फडकं बांधलं आणि हात तिथंच ठेवून उभा राहिला.

उंबऱ्याशी तहरीमनं दंड चाचपला. "अब्बा, गाठ सैल हाय. हे तं अकोल्याच्या आतच सुटते."

"सुटू दे," कुर्बान म्हणाला, आणि तिची पेटी खांद्यावर घेऊन स्टँडकडे चालू लागला.