ओढा कोणत्या बाजूला

काकीने विकत घ्यायचे ठरवलेल्या रानाच्या पूर्वेस ओढा आहे, असे खरेदीच्या मसुद्यात लिहिले होते. रानात उभे राहिल्यावर ओढा पश्चिमेच्या बाजूला दिसत होता.

ही विसंगती काकीच्याच लक्षात आली. बांधावरचे तण उपटायला ती सकाळी तिथे गेली होती. परतल्यावर खुरपे कोनाड्यात ठेवत ती मला म्हणाली, "ऊन डोळ्यांवर येत होतं आणि पाण्याचा आवाज पाठीमागून. तू काल वाचून दाखवलंस त्यात उलटं होतं ना?"

दूध नासले आहे, हे सांगावे त्या स्वरात तिने हे सांगितले. काका दगडखाणीत दरडीखाली गेले, तेव्हापासून तिचा स्वर हाच होता. खाणवाल्यांनी जी भरपाई दिली, तीतून हे रान घ्यायचे आणि निम्म्या वाट्याने कसायला देऊन पुढचे आयुष्य काढायचे, एवढा एकच बेत तिच्यापाशी उरला होता. इसार देऊन झाला होता. सही पुढच्या बाजाराच्या दिवशी व्हायची होती.

रान विकणारा गाडीवान म्हणजे काकांचा जिवलग मित्र. आम्हाला बांधावर नेऊन रान त्यानेच दाखवले होते आणि कसायलाही तोच तयार होता.

"लिहिणाऱ्याने पूर्व-पश्चिम उलटी केली असेल," आत्या म्हणाली. ती काकीच्या सोबतीला येऊन राहिली होती आणि या घरात कुणीतरी बोलत राहिले पाहिजे, ही जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली होती. "कागद वाचून का नांगर चालतो? गाडीवान त्या रानात राबतोय, हे शेंबड्या पोराला विचारलंस तरी सांगेल. तू मात्र मुलीचं स्थळ बघितल्यासारखा त्या कागदाला पुढून-मागून बघतोयस."

मी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. त्या रानाची माती मीच तपासली होती. अहवाल उत्तम होता. पण माती कुणाची, हा प्रश्न अहवालात नसतो.

आत्याचे गृहीतक मात्र तपासण्याजोगे होते. मसुद्यात चारही हद्दी दिल्या होत्या: पूर्वेस ओढा, पश्चिमेस खाणीचा रस्ता. लिहिणाऱ्याने दिशांची अदलाबदल केली असेल, तर दुरुस्तीनंतर खाणीचा रस्ता रानाच्या पूर्वेस यायला हवा.

"पूर्वेला तर शेजाऱ्याची विहीर आहे," काकी म्हणाली. "खाणीचा रस्ता ओढ्याच्या पलीकडे. त्या रस्त्याने मी यांचा डबा घेऊन जायचे."

"मग?" आत्या म्हणाली.

"मग काही नाही. चूक असेल, तर ही नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकी तालुक्याला जमिनीच्या कचेरीत गेलो. लांबलचक खोली, छतापर्यंत फडताळे, खिडकीशी एक कारकून. मसुद्यातला गट क्रमांक दाखवून मी गावचा नकाशा मागितला. त्याने तो टेबलावर उलगडला आणि एका कडेवर चहाचा पेला, दुसऱ्या कडेवर शिक्क्यांची डबी ठेवली. ओढ्याची निळी रेघ मधोमध होती. आमचा क्रमांक तिच्या डावीकडे होता. म्हणजे पश्चिमेला, ओढा आणि खाणीचा रस्ता यांच्यामध्ये.

काकी वाकून पाहत राहिली. "तिथे तर नुसता खडक आहे," ती म्हणाली.

ओढ्याच्या उजवीकडे, विहिरीलगत, आम्ही ज्यावर उभे राहिलो होतो ते रान होते. त्याचा क्रमांक वेगळा. मी त्याचा उतारा मागितला.

"दुसऱ्याच्या जमिनीचा उतारा कशाला?" कारकून म्हणाला. "भांडण आहे का?"

"नाही."

"मग करायचंय?"

"मागता येतो ना?"

"येतो की. फी भरली की कुणालाही येतो. पण मागत कुणी नाही. जो तो आपलाच काढतो आणि देवाच्या फोटोसारखा जपून ठेवतो. शेजाऱ्याचा बघितला, तर निम्म्या लोकांची झोप उडेल." स्वतःच्या विनोदावर तो हसला. काकीकडे पाहून थांबला आणि तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवले.

उताऱ्यावर शहरातल्या एका औषधविक्रेत्याचे नाव होते. त्याला ते रान कुणाकडून मिळाले, हे पाहायला मी जुनी नोंद काढायला सांगितली. विकणारा म्हणून गाडीवानाचे नाव होते. काकीने ते स्वतः वाचले, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग पदराने बोट पुसले.

येताना ती बसच्या खिडकीतून बाहेर पाहत होती. मी विचारले, "काकी, रागावलीस?"

"राग यायला हवा," ती म्हणाली. "येईल."

गाडीवान गोठ्यात बैलांच्या खुरांना तेल लावत होता. आम्हाला पाहून त्याने घोंगडी झटकून अंथरली. काकी बसली नाही.

"भाऊजी, ते रान तुमचं नाही."

"कोण म्हणतं, वहिनी? अख्ख्या गावाला विचारा."

"गावाला नाही विचारलं. कचेरीत विचारलं."

त्याने तेलाची वाटी खाली ठेवली. तेलकट हात बैलाच्या पाठीला पुसले.

"मसुद्यात माझ्याच जमिनीचा नंबर आहे," तो म्हणाला. "कागद खोटा नाही."

"कागद नाही. तुम्ही आम्हाला बांधावर नेलंत, ते."

"तुम्हीच म्हणालात, रान दाखवा. ज्यात राबतो ते दाखवलं. धान्य मी तुम्हाला दरसाल आणून टाकलंच असतं, वहिनी. कुठूनही आणलं असतं."

"आणि तुमच्यामागे?"

त्याने वाटी पुन्हा उचलली आणि बैलाच्या खुराशी वाकला.

"इसार परत आणून द्या," काकी म्हणाली. "सही होणार नाही. हे जिवंत असते, तरी मी हेच बोलले असते."

"त्याच्यासमोर मी असं केलं नसतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि चालू लागली.

इसार त्याने थोडा थोडा करून परत केला. काकीने दुसरी जमीन अजून पाहिलेली नाही. राग आला की नाही, हेही मी पुन्हा विचारलेले नाही.

त्या विसंगतीचे कारण एवढेच होते. गाडीवानाच्या मालकीच्या दोन जमिनी होत्या, ओढ्याच्या दोन्ही अंगांना. पूर्वेकडची काळी जमीन त्याने पूर्वीच विकली आणि गावात कळू नये म्हणून नव्या मालकाच्या वाटेकऱ्याच्या नात्याने तीच नांगरत राहिला. नांगर त्याचा दिसत होता, म्हणून जमीन त्याची आहे, असे गाव धरून चालले आणि आम्हीही. त्याने आम्हाला ती दाखवली आणि मसुद्यात पश्चिमेकडचा खडक लिहिला. ओढा नकाशात जिथे होता तिथेच वाहत होता.