लाकडाला जागा हवी

थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटा घरी आला तेव्हा नाही, म्हाताऱ्या बापाने धाकट्याच्या हाती होडी दिली तेव्हा. नऊ वर्षांनी भाऊ परत आला, त्या दिवशी थोरल्याने स्वतः त्याची ट्रंक जिन्यावरून वर नेली होती, स्वतःची उशीसुद्धा त्याला दिली होती. माणूस काही वाईट नव्हता. पण होडीची गोष्ट निघाली आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

होडी म्हाताऱ्याची स्वतःची. एका शिडाची, चार माणसं जेमतेम मावतील एवढी. बापलेकांचा धंदा होड्या दुरुस्त करायचा, धक्क्याला लागून पत्र्याची शेड. जगाच्या होड्या तिथे बऱ्या होऊन जात, आणि घरची मात्र गेल्या वादळात धक्क्यावर आपटून बुडाच्या तीन फळ्या फोडून घेतल्यापासून शेडमागे आठ महिने उपडी पडली होती. सवड मिळाली की करतो, असं थोरला म्हणायचा. मनात त्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. तिच्या बुडाच्या वळणाला साजेशी एक लांब फळी त्याने कधी ना कधी लागेलच म्हणून सहा वर्षांपूर्वीच छपराखाली वाळत टाकली होती आणि एकाही गिऱ्हाइकाला तिच्याकडे बघू दिलं नव्हतं. काम पुरं होईल, म्हातारा बुडावरून हात फिरवेल, आणि जन्मात एकदा तरी तोंडाने ‘चांगलं केलंस’ म्हणेल, असे मांडे तो मनात खात होता.

त्यावर म्हाताऱ्याने एका दुपारी जेवताना पाणी फिरवलं. होडी धाकटा करील, म्हणाला. आणि तुझी ती छपराखालची फळी त्याला काढून दे.

थोरल्याने फळी काढून दिली. दिली म्हणजे भिंतीला टेकवून तिथून निघून गेला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. वीस वर्षं जो रोज राबला, त्याचं कौतुक कुणाला? नऊ वर्षांत चार पत्रं पाठवली, तो कौतुकाचा धनी. ‘नव्याचे नऊ दिवस,’ असं थोरला बायकोपाशी म्हणाला. ती म्हणाली, नऊ दिवस होऊन गेले, आता भावजींना चहा देताना तुम्ही कप जरा हळू आपटत जा.

धाकटा इतकी वर्षं फायबरच्या होड्यांच्या कारखान्यात होता. हात त्याचा खरोखर चांगला होता, आणि तेच थोरल्याला जास्त लागत होतं. फुटक्या फळ्या त्याने सफाईने सोडवल्या, आतल्या आधाराच्या बरगड्यांना धक्का लागू दिला नाही. थोरल्याची ती लांब फळी आणि जोडीला दोन नव्या फळ्या वाफेवर मऊ केल्या, हळूहळू वाकवल्या आणि तांब्याच्या खिळ्यांनी अशा बसवल्या की जुनी कुठे संपली ते बोटाला कळू नये. म्हातारा खुर्ची टाकून दारात बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, कारखान्यात शिकलेला हात आहे. थोरला आत रंधा मारत असायचा. त्या दिवसांत त्याने इतका जोरात रंधा मारला की एका गिऱ्हाइकाचं वल्हं पार बारीक झालं.

मग फटी भरायची वेळ आली. आता लाकडी होडीची एक गंमत असते. ती उन्हात सुकते तशा तिच्या फळ्या आक्रसतात आणि फटी रुंद होतात. अडाणी माणसाला वाटतं, गच्च भराव्यात. पण पाण्यात उतरली की लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. म्हणून कापसाची वात अंगठ्याने दबेल इतकीच भरायची, वर तेलात मळलेल्या खडूच्या भुकटीची मऊ लांबी लावायची, आणि पहिले दोन दिवस होडी गळली तर खुशाल गळू द्यायची. फायबरचं तसं नाही. ते फुगत नाही, आणि तिथे एक थेंब आत आला तर कारागिराची मान खाली जाते. धाकट्याचे हात नऊ वर्षं त्याच धाकात वाढलेले. त्याने वात छिन्नीने ठोकून ठोकून भरली, आणि वरून दगडासारखा घट्ट होणारा डिंक ओतला.

थोरल्याने जाता जाता ते पाहिलं. थांबायचीही गरज नव्हती, ठोक्याच्या आवाजावरूनच कळत होतं. त्याला बरं वाटलं. हे लिहायला वाईट वाटतं, पण त्याला फार दिवसांनी खरोखर बरं वाटलं. त्या दुपारी तो दोन घास जास्त जेवला.

संध्याकाळी धाकटा स्वतःच त्याच्याकडे आला. केसांत भुसा, बोटांना डिंक, आणि चेहरा शाळेतून पाटी दाखवायला आणलेल्या मुलासारखा.

“दादा, एकदा नजर टाक ना. लाकडावर मी फार दिवसांनी हात टाकलाय.”

थोरला गेला. त्याने फटीवर अंगठा दाबला. अंगठा जराही आत गेला नाही. तोंडाशी शब्द आला होता, सगळं उकरून काढ म्हणून. एका दिवसाचं काम होतं, फार तर दोन. तेवढ्यात दारातून म्हातारा कुणाला तरी म्हणाला, आता होडीला भीती नाही, धाकट्याने केलीय.

“छान झालंय,” थोरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात उतरली. एक थेंब आत आला नाही. धाकटा हरखला, म्हाताऱ्याने आल्या-गेल्याला चहा पाजला, आणि होडी धक्क्याला बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बरगडी मोडल्याचा आवाज शेडपर्यंत आला. फुगलेल्या फळ्यांना सरकायला जागाच उरली नव्हती. थोरल्याची सहा वर्षं जपलेली फळी खिळे उपटून बाहेर आली होती, शेजारच्या दोन बरगड्या मधोमध तुटल्या होत्या, आणि होडी एका कुशीवर कलून हळूहळू बसत चालली होती.

धाकटा कंबरभर पाण्यात उभा होता. माझं चुकलं, फार गच्च भरलं, एवढंच त्याने सांगितलं. मग त्याने थोरल्याकडे पाहिलं. ‘मी दादाला दाखवलं होतं’ हे त्याला म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. थोरल्याला वाटलं, म्हणाला असता तर बरं झालं असतं. निदान त्याचा राग तरी करता आला असता.

म्हाताऱ्याने धाकट्याला तिथेच सोडलं. तो थोरल्याकडे वळला.

“तुला दिसलं नाही?”

“काय?”

“फटी. मी मुद्दाम बघायला गेलो नाही. म्हटलं, तू दिवसातनं दहा वेळा तिथून जातोस. तुझी नजर पडली म्हणजे माझी पडलीच. माझ्यापेक्षा तुझी चांगली आहे, म्हणून तर त्याला एकट्याला करू दिलं.”

वीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते असे कानावर आले. दिसलं होतं म्हणावं, तर भाऊ म्हणून तोंड काळं. नाही म्हणावं, तर कारागीर म्हणून. थोरल्याने खाली पाण्याकडे पाहिलं.

“नाही दिसलं, बाबा.”

म्हाताऱ्याने विश्वास ठेवला. थोरला आजवर त्याच्याशी खोटं बोललाच नव्हता, मग ठेवणार नाही तर काय? तो हळूच म्हणाला, होतं असं, तूही आता चाळिशीचा झालास, एकदा डोळे दाखवून ये. धाकट्याने मान फिरवली आणि दोर सोडवायला लागला.

दुपारी म्हातारा चष्मा लावून धाकट्याबरोबर शेडमध्ये आला. थोरल्याने एका गिऱ्हाइकाची होडी आदल्या दिवशीच पुरी केली होती. तिच्यापाशी म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला आणि एकेक फट अंगठ्याने दाबून बघायला लागला. थोरला बाजूला उभा राहिला. एकाही फटीत खोट नव्हती. तरी म्हाताऱ्याने शेवटपर्यंत सगळ्या तपासल्या, आणि उठताना आधाराला हात पुढे केला तो धाकट्याकडे.