तरवाल्याचा जबाब

फ्रेंच शिकली तेव्हा स्वरूपाच्या डोळ्यांपुढे पॅरिस होतं. या भाषेत आपण पुढे जाळलेल्या गावांची वर्णनं ऐकत बसणार आहोत, असं तिला पुण्यातल्या त्या क्लासच्या जिन्यात कुणी सांगितलं असतं, तर तिने मुकाट्याने जपानी घेतली असती. लग्न झालं, हृषिकेशच्या नोकरीमागे ती जर्मनीत वाल्डॉर्फला आली, जर्मन शिकली. अन्वी शाळेत जायला लागल्यावर तिने काम शोधलं, आणि फ्रेंच-जर्मन दोन्ही येणाऱ्या माणसांची जिथे खरी टंचाई होती तिथे जाऊन पोहोचली. आश्रय मागायला आलेल्यांचे जबाब घेतात त्या कार्यालयात, दुभाषी म्हणून.

तिथला नियम असा की दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं नाही. समोरचा ‘माझा भाऊ’ म्हणाला की आपणही ‘माझा भाऊ’च म्हणायचं, ‘ह्यांचा भाऊ’ नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत स्वरूपाचे कितीतरी भाऊ मेले होते, घरं गेली होती, मुलं वाटेत हरवली होती. सुरुवातीला ती घरी येऊन रडायची. आता फक्त दमायची.

त्या नोव्हेंबरात तिच्या सासूबाई, प्रभाताई, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सकाळी डबा भरताना त्यांनी विचारलं, “आज कुठल्या देशाचा माणूस आहे गं?”

“मध्य आफ्रिकेचा.”

“ते कळलं. पण देश कुठला?”

“देशाचं नावच तसं आहे, आई. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक.”

प्रभाताई झाकण लावता लावता थांबल्या. “म्हणजे नाव ठेवायलासुद्धा कुणाला वेळ झाला नाही,” त्या म्हणाल्या.

अन्वी दप्तर उचलता उचलता जर्मनमध्ये म्हणाली, की आजी विचारते तेवढं आईला कुणीच विचारत नाही. हृषिकेशने फोनमधून डोकं वर काढलं. “मी विचारत नाही कारण तिला सांगता येत नाही,” तो म्हणाला. ते खरंही होतं.

माणसाचं नाव होतं प्रोस्पेर यांगबा. वय पंचेचाळीसच्या आसपास, देणगीत मिळालेलं, खांद्यावर मोठं होणारं जॅकेट, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरलेले. जबाब घेणाऱ्या अधिकारी फ्राऊ लिंडनर. स्वरूपाने त्यांच्याबरोबर पूर्वीही काम केलं होतं. बाई कडक नव्हत्या, मवाळही नव्हत्या. त्यांना निवृत्तीचे वेध लागले होते, आणि समोर येणारा प्रत्येक माणूस त्या शेवटपर्यंत ऐकून घेत, एवढं मात्र खरं.

यांगबा सरकारी नोकर होता. देशाच्या पूर्वेला एका मोठ्या नदीवर पूल नव्हता, तिथे गाड्या पार करणारी लोखंडी तर, म्हणजे इंजिनावर चालणारा मोठा तराफा, होती. ती तर तो चालवायचा. त्याच्या आधी त्याचे वडील चालवत.

“पगार कोण देत होतं?” फ्राऊ लिंडनरनी विचारलं.

“सरकार.”

“वेळेवर मिळायचा?”

“बंडखोर आल्यापासून मिळाला नाही. पण मी नोकरीवरच होतो. मला कुणी काढलं नव्हतं.”

स्वरूपाने ते जर्मनमध्ये सांगितलं. तो बोलत गेला तसा त्याचा आवाज आणखी सपाट झाला. उत्तरेकडून बंडखोर आले. त्यांना पलीकडे जायचं होतं, त्याने नेलं. बंदूक लावल्यावर काय करणार? मग ते फुटले, त्यांचे दोन गट झाले, दोन्ही गट काठावर तपासणी नाके लावून बसले आणि दोघांनीही त्याला दुसऱ्याचा हेर ठरवलं. त्यांच्याविरुद्ध गावातल्या पोरांनी टोळी केली, त्या टोळीने ही तर फोडायचा प्रयत्न केला. शांतिसेनेच्या पांढऱ्या गाड्या आल्या. त्यांनी फोटो काढले, इंजिनासाठी डिझेल दिलं आणि पावसाळ्याआधी निघून गेल्या. शेवटी राजधानीतून सैन्य आलं, सैन्याबरोबर परदेशी बंदूकवाले आले. ते वर सोन्याच्या खाणीकडे निघाले होते. त्या दिवशी तरीवर यांगबाचा धाकटा भाऊ मार्सेल दोर धरून उभा होता. बंडखोरांना नदी कुणी ओलांडू दिली, असं विचारलं गेलं. मार्सेल म्हणाला, तर सरकारची आहे, जो येईल त्याला नेतो. त्याला तिथेच गोळी घातली.

“गोळी घालायला कुणी सांगितलं?”

यांगबाने मान खाली घातली होती. हे उत्तर देताना तो फ्रेंचमधून त्यांच्या सांगो भाषेत घसरला. “मुंजू,” तो म्हणाला आणि पुढे आणखी काहीतरी पुटपुटला.

सांगो स्वरूपाला येत नव्हती. पण हा शब्द माहीत होता. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला मुंज आठवून हसू आलं होतं. मुंजू म्हणजे गोरा, परका. “परदेशी लोकांनी,” तिने जर्मनमध्ये सांगितलं.

फ्राऊ लिंडनरनी ते टाइप केलं. मग नेहमीचा प्रश्न आला, कारण देशातच दुसरीकडे सुरक्षित राहता येत असेल तर आश्रय मिळत नाही. मग तुम्ही राजधानीत का नाही गेलात? ते खाणवाले परदेशी तर तिथे तुमच्या मागे येणार नव्हते.

“राजधानीत मी कसा राहणार?” यांगबा म्हणाला. त्यापुढे तो काही बोलेना. फ्राऊ लिंडनरनी दोनदा विचारलं, मग तेवढंच टाइप केलं. उत्तर पुरेसं नव्हतं, हे खोलीतल्या दोघींना समजत होतं.

दुपारनंतर जबाब वाचून दाखवायचा असतो. जर्मनमध्ये लिहिलेलं दुभाष्याने फ्रेंचमध्ये वाचायचं आणि अर्जदाराने बरोबर म्हणायचं. त्या वेळेपर्यंत सगळेच थकलेले असतात. यांगबा प्रत्येक वाक्याला ‘वी’, म्हणजे ‘हो’, म्हणत होता, न ऐकताच. त्याचा मेलेला भाऊ जिवंत आहे असं वाचलं असतं, तरी तो ‘वी’ म्हणाला असता.

‘गोळी घालायला परदेशी लोकांनी सांगितलं,’ हे वाक्य आलं. “वी,” तो म्हणाला. स्वरूपा पुढचं वाक्य वाचायला गेली आणि थांबली. सकाळी त्या शब्दापुढे तो काय पुटपुटला होता?

सोडून देता आलं असतं. घड्याळाकडे फ्राऊ लिंडनरनी एकदा बघून घेतलं होतं. पण ते पुटपुटणं तिच्या कानातून जाईना.

“मला एक दुरुस्ती करायची आहे,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “इथे मी भाषांतर केलेला शब्द सांगोमधला होता. त्यांनी बहुतेक दोन शब्द वापरले. मी एकाचंच केलं. मला विचारू द्याल?”

फ्राऊ लिंडनरनी चष्मा काढला. “विचारा.”

तिने विचारलं. यांगबाने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. “मुंजू वूको,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“काळा गोरा. आमच्यातलाच, पण साहेब झालेला. राजधानीतला.”

“म्हणजे परदेशी नाही?”

“परदेशी बाजूला उभे होते. सिगारेट ओढत होते. हुकूम त्याने दिला. मंत्रालयातला माणूस होता तो, सैन्याबरोबर आलेला. त्याने आमच्या भाषेत सांगितलं म्हणून तर मला कळलं.”

स्वरूपाने ते सांगितलं तेव्हा फ्राऊ लिंडनरचे हात कीबोर्डवरच राहिले. भावाला मारायचा हुकूम सरकारच्या माणसाने दिला असेल, तर राजधानीत का गेला नाहीत या प्रश्नाला काही अर्थच उरत नव्हता.

“हा सगळा भाग पुन्हा घ्यावा लागेल,” त्या म्हणाल्या. “अगदी सुरुवातीपासून. कोण कुठे उभं होतं, कुणी काय म्हटलं.”

स्वरूपाने सांगितल्यावर यांगबाने मान हलवली. “नको. लिहिलंय तसं राहू द्या, मादाम. एकाच गाडीतून उतरले होते सगळे. आम्हाला काय फरक?”

“इथे फरक पडतो,” असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते तिने बोलायचं नव्हतं. तिने त्याचं वाक्य जर्मनमध्ये सांगितलं, आणि “इथे फरक पडतो, मिस्टर यांगबा,” हे फ्राऊ लिंडनरच म्हणाल्या. तेवढं स्वरूपाने फ्रेंचमध्ये सांगितलं.

मग त्याने पुन्हा सांगितलं. सकाळी ‘मार्सेलला गोळी घातली’ एवढंच तो म्हणाला होता. आता प्रश्नागणिक सगळं निघालं. मार्सेल पाण्यात पडला नाही, दोरात अडकला. गाड्या पार होईपर्यंत त्याला सोडवायची परवानगी नव्हती. ती लोखंडी तर यांगबालाच चालवावी लागली, पलीकडच्या काठापर्यंत. साहेबाने उतरताना त्याला ‘मेर्सी’, आभारी आहे, असं म्हटलं. हे सगळं स्वरूपाने ‘मी’ म्हणून सांगितलं. ती तर मीच चालवली. माझा भाऊ दोरात होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सुरक्षारक्षक त्याला न्यायला आला. जाताना यांगबा तिच्यापाशी थांबला. “ते मी आत ठेवून दिलं होतं, मादाम,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही ते काढायला लावलंत.”

दुभाष्याला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. ती जिन्याकडे निघाली. घरी आल्यावर प्रभाताईंनी ताट वाढलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या दिवशी देशाबद्दल काही विचारलं नाही. हृषिकेश म्हणाला, “सोड ना हे. माझ्या फर्ममध्ये फ्रान्सच्या क्लायंटसाठी माणूस हवाय.” ती म्हणाली, “बघू.” आणि जेवली.

निकाल काय लागतो हे दुभाष्याला कुणी कळवत नाही. प्रभाताई परत गेल्या. हिवाळा संपला. कार्यालयातून पुन्हा फोन आले आणि ती जातही राहिली, का ते तिला नीट सांगता आलं नसतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी ती हायडेलबर्गला चालली होती. विस्लोख-वाल्डॉर्फ स्टेशनच्या फलाटावर तो उभा होता. जॅकेट अंगाबरोबर होतं, पायांत किचनमधले जाड बूट. त्यानेच तिला ओळखलं.

“बोन्स्वार, मादाम.”

इथे ती कामावर नव्हती, तेव्हा बोलायला हरकत नव्हती. त्याने सांगितलं, तीन वर्षं राहायचा कागद मिळाला. इथल्या एका कँटीनमध्ये भांडी धुतो, मानहाइममध्ये खोली घेतली आहे. बायको कॅमेरूनच्या छावणीत आहे, तिला आणायची खटपट चालू आहे. वकिलाने निकाल वाचून दाखवला, त्यात त्या मंत्रालयातल्या माणसाचाच उल्लेख होता.

“म्हणजे त्यामुळे मिळाला,” स्वरूपा म्हणाली.

“हो.” तो रुळांकडे बघत राहिला. “तुमचा मला राग आला होता. अजून आहे थोडा.”

“असू दे.”

“त्या दिवसापासून झोप लागत नाही. आधी लागायची.”

एसबान, म्हणजे इथली लोकल, आली. दोघं समोरासमोर बसले. बोलायला भाषा होती, पण दिवसभराचा शीणही होता. गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात त्याची मान खिडकीच्या काचेला टेकली, तोंड किंचित उघडं पडलं, आणि तो गाढ झोपला.

हायडेलबर्ग आलं. माणसं उतरली. ही गाडी मानहाइमच्याही पुढे लांबवर जाते, हे स्वरूपाला माहीत होतं. तिने अन्वीला ‘उशीर होईल’ असा मेसेज केला, अन्वीने जर्मनमध्ये ‘ओके’ म्हटलं. दारं बंद झाली. ती बसून राहिली, आणि मानहाइमच्या फलाटावर गाडी शिरू लागली तेव्हा वाकून तिने त्याच्या बाहीला हात लावला.