चौथा मजला

"दांडा धरा, चढ वाढवतेय," तपासणीच्या बाई म्हणाल्या. छातीवर तारा चिकटवलेला टेलर सरकत्या पट्ट्यावर चालत राहिला. मागच्या वेळी इथेच धाप लागून त्याला थांबावं लागलं होतं. आज मात्र पाय मुकाट चालत होते.

डॉक्टर पडद्याकडे बघून खूश झाले. "मागे चढ लागला तरी तुमचे ठोके लवकर वाढायला तयार नव्हते, आणि थांबल्यावर उतरायला तयार नव्हते. आता बघा, वेळेवर वाढले, वेळेवर उतरले. सिगारेट सोडलीत त्याचं हे फळ. खुशाल जिने चढा."

जिने म्हटल्यावर टेलरचा चेहरा पडला.

बाबा चौथ्या मजल्यावर एकटे राहत. लिफ्ट नव्हती. सिगारेटच्या दिवसांत एकदा दुसऱ्या मजल्यावरच त्याला धाप लागली होती, ती अगदी खरी. पण ‘हृदयाला जिने सोसत नाहीत’ ही सबब त्याला पुढे फार सोयीची पडली. वर गेलं की बाबांच्या त्याच त्या गोष्टी दुपारभर ऐकाव्या लागत. त्यापेक्षा खालून स्कूटरचा हॉर्न द्यायचा, बाबा कठडा धरून उतरायचे, फाटकापाशी दोन शब्द, की हा मोकळा. सिगारेट सुटली, धाप गेली, तरी हॉर्न चालूच राहिला.

"उतरून उतरून बाबांचा गुडघा कसा झालाय, बघितलात का? आता तरी वर जा," बायको म्हणाली. तिने आणखी काही ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो जिना चढला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक स्टूल होतं, पुसून लख्ख केलेलं. शेजारच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "बसा ना. तुमच्यासाठीच ठेवलंय बाबांनी. मुलगा हृदयाचा पेशंट आहे, कधी वर आलाच तर मध्ये टेकायला हवं, म्हणतात. रोज पुसतात हो."

टेलरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बसला नाही. मान खाली घालून उरलेल्या पायऱ्या चढला.

दार उघडताच बाबा घाबरले. "अरे, वेडा की काय तू? हॉर्न द्यायचास, मी आलो नसतो का?" त्याला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून समोर उभे राहिले.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी केव्हाच वर येऊ शकत होतो, पण..."

"गप. आधी दम खा, मग बोल."

बाबांनी तळवा त्याच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून ठोके अजमावू लागले. आत सगळं संथ चाललं होतं. ते जरा तरी धडधडावं म्हणून टेलर खाली मान घालून जोरजोरात श्वास घेऊ लागला.