टाळ खाली ठेवले त्या दिवशी

या बाप्पा, असे पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. बुवा यायला वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगते. आपल्या सक्करदऱ्यातलीच आहे, अन् भर कीर्तनातून उठून गेलेल्या माणसाची आहे. भुवया उंचावू नका, आधी ऐका.

धोंडबा सिटी बसचा रिटायर कंडक्टर. तीस वर्षं लोकांची लेकरं त्यानं शाळेच्या थांब्यावर नीट उतरवली. अन् कीर्तनात बुवांच्या उजव्या हाताचा पहिला टाळ त्याचा. वीस वर्षांत ती जागा कुणी मागितली नाही.

त्याची नात अबोली, अकरा वर्षांची. खो-खोत अशी चपळ, की पकडणाऱ्याच्या हाती नुसती हवा. मैदान तलावापलीकडं. बाकीच्या पोरींनी खेळ सोडला, तसा रिक्षावाला एकटीसाठी यायचा बंद झाला. आई-बाप दोघंही धंतोलीत दवाखान्यात कामाला, घरी यायला आठ वाजायचे. मुलानं, सुशीलनं, सांगून टाकलं, "बाबा, एक दिवस जरी पोट्टी फाटकावर एकटी उभी राहिली, तर खेळ बंद."

"आणतो ना मी," म्हणून धोंडबानं सायकलीत हवा भरली.

अन् नेमका सप्ताह लागला. कीर्तन पाच ते सात, मैदान सुटायचं सहाला. देवळाचे कारभारी नानाजी म्हणाले, "सात दिवस घरी ठेव ना गा पोट्टीले. खेळच तो."

"याच हप्त्यात संघ निवडून राहिले, नानाजी. नाव जाईन तिचं."

"मंग दुसऱ्या कोणाले पाठव."

"कोणाले?"

नानाजी सतरंज्या मोजायला वळले.

पहिला दिवस. कन्हानचे अनंतबुवा रंगात आलेले. धोंडबानं घड्याळ पाहिलं, पावणेसहा झाले होते. आरतीआधी उठायचं नाही, हे तो आईच्या मांडीवर असल्यापासून पाळत आलेला. त्यानं टाळ कपाळाला लावले, खाली ठेवले, अन् सभेच्या मधून चालू लागला.

बुवा थबकले. मृदंगही थांबला.

"काहून गा धोंडबा? देवाले पाठ दाखवून राहिला?"

धोंडबा वळला. "पाठ नाई, महाराज. त्याच्याच लेकराले आणाले जाऊन राहिलो."

नानाजी उठले. "आज टाळ ठेवले, तर उद्या ही जागा तुझी नाई!"

"जागा राहू द्या तुमच्याजवळ, नानाजी. पोट्टीले रस्त्यावर उभं नाई ठेवत मी."

मैदानावर शिपाई फाटक लावत होता. खरचटलेल्या गुडघ्याला माती चोळत अबोली उभी होती.

"आबाजी, कीर्तन संपलं?"

"नाई. मी उठलो."

"बुवा रागावले?"

"लय."

"मंग आता?"

"आता मांगं बस. अन् पाय चाकात घालू नको."

सायकल घराकडं नाही, सरळ देवळाकडं वळली. धुळीनं माखलेली, हाफ पँटमधली पोरगी अन् घामेजलेला आजा, दोघं दारातच चपलांच्या ढिगाशी उभे राहिले. लोकांनी माना वळवून पाहिलं. धोंडबानं टाळ्यांनी ताल धरला, अन् गजरात त्या दोघांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचे टाळ दुसऱ्याच्या हाती होते. तो आपणहून चपलांजवळ बसला, अन् पावणेसहाला उठला. चोरून नाही, देवाला हात जोडून, सगळ्यांदेखत. बुवांनी निरूपणातच टोमणा मारला, "काही भक्तांचा देव घड्याळात राहते!" लोक हसले. धोंडबाही हसला, अन् गेला.

तिसऱ्या दिवशी बायकांच्या बाजूनं प्रेमिला उठली. "थांबा जी धोंडबाजी, माझं पोट्टं ट्यूशनवरून एकटंच येते. जीव टांगणीले असते, पण उठाची हिंमत होत नव्हती." नानाजींनी डोळे वटारले. तिनं पदर खोचला अन् चप्पल शोधली.

सात दिवसांत अबोलीचा एकही दिवस चुकला नाही, अन् संघाच्या यादीत तिचं नाव लागलं. टाळ मात्र धोंडबाला परत मिळाले नाहीत. त्यानंही मागितले नाहीत.

ते पहा, बुवा आले. बसा निवांत. फक्त आज गजर चढला, की एकदा मागं वळून चपलांकडं पाहा, अन् तिथं उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या आमच्या धोंडबाची आठवण ठेवा.